तिच्या डोक्याचा फोटो

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आताच्या सुना घेतात, मोबाइलवर नावानं हाका मारतात, माझी काही तक्रार नाही. पण आमच्या वयाची बाई घेत नाही. कुणी विचारलंच तर ती शेजारणीकडं बघते आणि शेजारीण सांगते. लग्नाकार्यात उखाण्यात घ्यायचं, तेवढंच. आमची ही तर उखाण्याची वेळ आली की "दूध उतू चाललं" म्हणून उठून जायची. सगळा संसार झाला, पण तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. "अवो" म्हणायची. बाजाराच्या गर्दीत तिनं "अवो" म्हटलं की पाच-सहा म्हातारे माना वळवायचे. मी मान न वळवता ओळखायचो.

मीही तिचं नाव कधी घेतलं नाही. "अगं" म्हणायचो. डोकं फिरलं तर "ए बाई".

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते ह्या नावापाशी येऊन थांबलं.

मी चौथीपर्यंत शाळेत गेलतो. पुढं कोयता हातात आला. आमच्या शिरूर कासारकडं दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रकात बसतं आणि ऊस तोडायला खाली कारखान्यांवर जातं. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवरा तोडणार, बायको मागून मोळी बांधणार, दोघं मिळून गाडी भरणार. जोडीदार नसला तर तो अर्धा कोयता. त्याला कुणी टोळीत घ्यायला बघत नाही.

एका कोयत्यातली माणसं कशी वागतात ते फडात न गेलेल्याला कळायचं नाही. तिची कंबर धरली तर मी जरा लवकर तोडून मागं यायचो आणि चार मोळ्या बांधून टाकायचो. माझ्या हाताला फोड आला तर ती माझ्या वाट्याच्या पातीतला ऊस ओढायची. बोलायचं काही नाही. मुकादमाला मोळ्या दिसल्या पाहिजेत, कोण थकलं ते दिसलं नाही पाहिजे. दिसलं की तो म्हणणार, "ही जोडी मोडीत निघाली." म्हणून एकाचं कमी पडलं की दुसऱ्यानं भरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हाडात बसलेली सवय आहे ती. फड सुटला तरी ती सुटली नाही.

तिची मोळी मात्र बघण्यासारखी असायची. वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ द्यायची, गुडघा दाबायची आणि अशी गाठ मारायची की ट्रकवर फेकली तरी मोळी फुटायची नाही. दुसऱ्या टोळीतल्या बाया बघायला यायच्या. मी आपला तोडत राहायचो, पण कान तिकडं असायचा.

म्हातारपणी आम्ही गावात राहिलो. पोरगा पुण्याकडं कंपनीत, सून आणि आम्ही दोघं घरात, दारात दोन शेळ्या. हिला शुगर निघाली त्याला बरीच वर्षं झालती. टोळीतले जुने लोक थट्टा करायचे, "आयुष्यभर ऊस तोडला, एखादं कांडं पोटात राहिलं आसंल." ती म्हणायची, "तुमच्या पोटात तर आख्खा कारखाना हाय, तरी तुमाला काय व्हईना." आधी गोळ्या होत्या, मग पोटात घ्यायचं इंजेक्शन आलं. ती स्वतःच टोचून घ्यायची. सुनेला हात लावू द्यायची नाही.

मग बारीकसारीक सुरू झालं. कालवणात मीठ दोनदा पडायला लागलं. शेळी सोडलेली तशीच राहायची. बोलता बोलता एखादा शब्द तिला सापडायचा नाही, मग ती हवेत बोटं फिरवायची. मी काय केलं? फडात करायचो तेच. खारट कालवण गुमान खाल्लं. शेळी मी बांधली. शब्द अडला की मी तो पुढं केला. सुनेलाही पत्ता लागू दिला नाही. तिनं मला करायला सांगितलं नव्हतं आणि मी केलं म्हणून ती मला काही बोलली नाही. एका कोयत्यात असंच चालतं.

गावात आशाताई आहे, सरकारी दवाखान्याचं काम घरोघर करते. ती एकदा म्हणाली, "बाबा, शाळेत तपासणी हाय. लई दिवस शुगर आसलेल्या लोकांची आठवण तपासत्यात. बाहेरून डॉक्टर मॅडम येणारेत. आजीला आणा." मी म्हटलं, आणतो. फुकट आहे तर जायला काय.

शाळेच्या वर्गात बाकड्यावर बसवलं. डॉक्टरीणबाई तरणी होती, बोलायला साधी. हिला म्हणाली, "आजी, घड्याळाचं चित्र काढाल का?"

ही म्हणाली, "बाई, मी पाटीला हात लावला न्हाई कदी. आमचं घड्याळ म्हंजे मुकादमाची शिट्टी."

सगळे हसले, ती डॉक्टरीणही हसली. म्हणाली, "बरं, चित्र राहू द्या. भाकरी कशी करता ते मला पहिल्यापासून सांगा. मला येत नाही."

हिनं सांगायला घेतलं. पीठ घ्यायचं, गरम पाणी घालायचं, मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं. तिथं थांबली. बोटं हवेत फिरली.

"वरून पाणी फिरवायचं," मी म्हटलं.

"हां, पाणी फिरवायचं," ती म्हणाली.

मग बाईनं तीन शब्द सांगितले, बैल, चिंच आणि घागर, आणि थोड्या वेळानं परत विचारले. हिला बैल आठवला, घागर आठवली. मी तिच्याकडं बघून जीभ टाळ्याला लावली, आंबट खाल्ल्यासारखी. "चिंच," ती म्हणाली. मग गावाचं नाव विचारलं, तालुका विचारला, नातवंडं विचारली. शेवटी विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

ही माझ्याकडं बघून पदर पुढं ओढायला लागली. मी माझं नाव सांगितलं.

सगळा वर्ग हसला. डॉक्टरीणबाईनंही हसत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली, आजी बऱ्या आहेत. घरी येताना ही एकदम रुबाबात चालत होती. मीही. कोयता पास झालता ना!

पुढं एका सकाळी ती ओसरीवर बसल्या जागी घामानं भिजली. अंग गार पडलं, हात थरथरायला लागले, बोलेल ते कळेना. सुनेनं धावत येऊन साखरेचं पाणी तोंडात घातलं तेव्हा हळूहळू माणसात आली. झालं असं की इंजेक्शन घेऊन ती विसरली होती आणि परत घेतलं होतं. एवढं मी भरून काढू शकत नव्हतो. मोळी कमी पडली तर बांधता येते, पोटात गेलेलं औषध माघारी काढता येत नाही.

आशाताईनं फोन केला, डॉक्टरीणबाईनं बीडला बोलावलं. ह्या खेपेला तिनं मला बाहेर बसवलं.

"बाबा, शाळेत मी आजींना विचारत होते आणि तुम्ही सांगत होता. ते माझ्या उशिरा लक्षात आलं," ती म्हणाली.

"बाई, आमी एक कोयता हाओत," मी म्हटलं.

तिला ते कळलं नाही, म्हणून समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणूनच बाहेर बसा. आज मला अर्धाच कोयता बघायचाय."

मी दाराबाहेर बाकड्यावर बसलो. दार लोटलेलं होतं, आतलं ऐकू येत होतं. भाकरी झाली. हिनं पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं आणि लगेच उलटली. पाणी फिरवलंच नाही. जन्मभर भाकऱ्या केल्या त्या बाईनं. मी बाहेर मांडीवर मूठ आवळून बसलो. तीन शब्दांतला एकच आला. मग बाईनं विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव सांगा."

आत काही आवाज नाही.

"आजी? बाहेर बसलेत त्यांचं नाव?"

काही नाही.

मी दार ढकलून आत गेलो. म्हटलं, "बाई, तसं लिवू नका. आमच्यात नाव घेत न्हाईत, तिला येतंय."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "बाबा, तुमचं बरोबर असेल. पण त्यांनी कधी घेतलंच नाही, तर येतं का विसरल्यात हे मी कसं ओळखू?"

मला तरी कुठं माहीत होतं? मी हिच्याकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती लाजत होती का शोधत होती, ते मला कळेना. त्या दिवसापासून माझ्या जिवाला तो एकच घोर लागला. मीठ गेलं, भाकरी गेली, जाऊ दे. मी हिच्या डोक्यात आहे का नाही? आणि ते बघायची आमच्याकडं काही सोयच नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाली, डोक्याचा एमआरआय करू. नुसत्या प्रश्नांवरून कळत नाही आणि नुसत्या फोटोवरूनही कळत नाही, दोन्ही मिळून बघावं लागतं. लई दिवसांच्या शुगरनं डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, ते फोटोत दिसतं.

तारीख मिळाली आणि गावात बोभाटा झाला. चहाच्या टपरीवर आमचा जुना मुकादम बसलेला असतो. आता तो शिट्टी वाजवत नाही, पण तोंड तसंच आहे.

"काय बे, म्हातारीला याड लागलं म्हनं?"

"शुगर हाय."

"शुगर पायाला असती, डोळ्याला असती. डोक्याचा फोटो याड्याचा काढत्यात. कावून पैसा घालवतो?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. ही साबण घ्यायला आलती. म्हणाली, "मुकादम, तुमचा बी काढून घेऊ का? आत काय घावतंय का बघू तरी."

टपरीवरचे लोक असे हसले की चहावाल्यानं दूध उतू घालवलं. मुकादम उठून गेला. मी साबणाची पिशवी तिच्या हातातून घेतली आणि तिच्या बरोबरीनं चाललो. मागं नाही, पुढं नाही. तिचं डोकं तपासायला न्यायचं होतं, पण त्या दिवशी सगळ्या टपरीत चालणारं डोकं तेच होतं.

बीडच्या त्या मशीनच्या खोलीबाहेर एक पोरगी होती, मशीन चालवणारी. ती म्हणाली, आत लोहचुंबक आहे, अंगावर धातू नको. हिनं कानातलं काढून दिलं. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा काढला. सुनेनं आधीच करून दिलता. तो गळ्यात बांधला, मग मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. काचेच्या बांगड्या राहू दिल्या. अडलं ते जोडव्यांपाशी. लग्नात घातलेली चांदीची जोडवी, बोटं जाड झालेली, साबण लावला, तेल लावलं, निघेनात. ती पोरगी म्हणाली, "कापावी लागतील आजी, नाहीतर परत जा, दुसऱ्या तारखेला या."

अहेव बाईच्या पायातलं जोडवं कापायचं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मी म्हटलं, "चल घरी, ऱ्हाऊ दे फोटो."

ही म्हणाली, "तुमी जित्ते हाव ना? मग जोडव्याला काय धरून बसलाव? काप गं पोरी."

त्या पोरीनं कात्रीसारख्या पकडीनं दोन्ही जोडवी कापली. मी ती उपरण्याच्या टोकाला बांधली.

आत भिंतीत मोठा पाइप बसवल्यासारखं मशीन. हिला पाटावर झोपवलं, डोक्याला पिंजऱ्यासारखं काही लावलं आणि आत सारलं. मी काचेपलीकडं, त्या पोरीच्या मागं उभा. पोरगी म्हणाली, "आजी, अजिबात हलायचं नाही. हललं की फोटो बिघडतो, पहिल्यापासून करावं लागतं." मग मशीन सुरू झालं. धडधड, ठकठक, मधूनच भोंगा वाजल्यासारखं. बाहेर उभ्या माणसाचं काळीज हलेल असा आवाज.

ही हलली नाही. पायाचं बोटसुद्धा नाही.

पोरगी मला म्हणाली, "बाबा, आजी झोपल्या का?"

मी म्हटलं, "ती झोपत नसती."

मला माहीत होतं ती काय करतेय. ट्रकातून कारखान्याला जाताना भांडीकुंडी, कोंबड्या, माणसं सगळी एकावर एक. त्या ढिगावर बसून लेकरू मांडीवर झोपलं की ही आख्खा रस्ता मांडी हलवायची नाही. रस्त्याला खड्डे, ट्रकाचे हादरे, पण तिची मांडी जागची हलायची नाही. मुंग्या येऊन पाय बधिर व्हायचा, उतरताना मी धरून उतरवायचो. ते तिला येत होतं. ते कुठल्याच शुगरनं नेलं नव्हतं.

बाहेर आली तर पोरगी म्हणाली, "आजी, एका दमात झालं. एवढं स्थिर कुणी राहत नाही."

"गव्हाणीत बसल्यावानी वाटलं," ही म्हणाली. कारखान्यात ऊस जिथून आत ओढतात ती गव्हाण. "पर बाहेर निगाले ना शाबूत."

मी हळूच तिला हात दिला. पायाला मुंग्या आल्या असतील म्हणून.

फोटो डॉक्टरीणबाईनं कॉम्प्युटरवर दाखवला. अक्रोड फोडल्यावर आत दिसतो तसा. मी लई जवळ जाऊन बघितलं. ह्या एवढ्याशा गठ्ठ्यात आमचा सगळा संसार, सगळे फड, मेलेलं एक लेकरू, जिवंत असलेलं एक. त्यात पांढरे ठिपके होते, इथं तिथं, कडेला जरा मोठे. बाई म्हणाली, तिथं बारीक वाहिन्यांतून रक्त नीट पोचलेलं नाही. मला कळलं. आमच्याकडं कालव्याचं पाणी वरच्या रानांना भरपूर येतं, शेवटच्या रानाला पोचतच नाही. ते रान असं पांढरं पडतं.

"ते परत हिरवं व्हईल का?" मी विचारलं.

"गेलेलं परत येत नाही बाबा. पण अजून बरंच शिल्लक आहे. शुगर आणि बीपी नीट ठेवलं, चालणं ठेवलं, बोलणं ठेवलं, तर जे आहे ते सांभाळता येतं. वेळेवर आलात."

मी म्हटलं, "बाई, ह्यात मी कुटं हाय?"

डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत ही म्हणाली, "ते पांढरे ठिपके बगितले का? ते समदे तुमीच. जन्मभर तरास दिला तेवढ्या जागा जळाल्या."

डॉक्टरीणबाई इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मला म्हणाली, "बाबा, आता एक काम. इंजेक्शन तुम्ही द्यायचं, त्यांनी नाही. आणि दुसरं, त्यांना शब्द अडला तर तुम्ही सांगायचा नाही. थांबायचं. त्यांना शोधू द्यायचा."

इंजेक्शन मी शिकलो. कोयत्याचा हात, सुई धरायला लाजायचा, पण शिकलो. ती पोट पुढं करून म्हणायची, "हळू, हा ऊस न्हाई." दुसरं काम मात्र जन्मात केलं नव्हतं. ती बोटं हवेत फिरवायची आणि माझ्या जिभेवर शब्द यायचा, आणि मी तो गिळायचो. बसून राहायचो. कधी तिला सापडायचा, मग ती माझ्याकडं असं बघायची की जणू मोळी ट्रकवर चढवली. कधी सापडायचा नाही, मग म्हणायची, "जाऊ द्या, शेळीला कळलं." रोज सकाळी देवळापर्यंत चालायचो. वाटेत तिनं मला घरं सांगायची, हे कुणाचं, त्याची सून कुठली, तिचा बाप काय करतो. मी मुद्दाम चुकीचं बोलायचो आणि ती मला झापायची. तिनं झापलं की मला बरं वाटायचं. सोनाराकडून नवी जोडवी केली. ओसरीवर बसून तिच्या पायात मीच घातली. ती म्हणाली, "आता लोकं म्हणतील, म्हाताऱ्याचं बी डोकं तपासा."

पण नावाचं तसंच राहिलं. मी एकदा म्हटलं, "घरात कुणी न्हाई, घे की एकदा."

"लाज न्हाई वाटत, ह्या वयात?"

"येतंय का पर तुला?"

"भाकर खा गपचीप."

आता ह्यातून काय समजायचं? येत असतं तरी ती हेच म्हणाली असती आणि येत नसतं तरी हेच म्हणाली असती. तिला बोलण्यात हरवणं मला तरणेपणीही जमलं नव्हतं. एखाद्या दुपारी ती खाटेवर डोळे मिटून पडलेली असायची आणि मी विचार करायचो, आतला एखादा नवा ठिपका आज माझ्या नावावर बसला असेल का.

पुढच्या खेपेला तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, फार काही वाढलेलं नाही, चांगलं सांभाळलंत. आणि म्हणाली, "गावात कुणी फोटोला यायला तयार नाही. वेडे म्हणतील म्हणून भितात. आजी, तुम्ही चार शब्द बोलाल का?"

देवळाच्या सभामंडपात बाया जमल्या होत्या, पुरुष कडेला खांबाला टेकून. मुकादमही होता. हिच्या हातात माइक दिला. तिनं तो आधी उलटा धरला, मग सरळ केला.

"मी अंगठाबहाद्दर बाई हाय," ती म्हणाली. "माज्या डोक्याचा फोटो काढला. आत भूत न्हाई घावलं. शुगरीनं जळालेल्या जागा घावल्या. आधी कळलं म्हणून बाकीचं वाचलं. ज्याला शुगर हाय त्यानं जावं. मशीन भुकतंय लई, चावत न्हाई."

टाळ्या पडल्या. मी छाती काढून उभा होतो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात बायांतली कुणीतरी ओरडली, "आजीचं डोकं एवढं चांगलं हाय तर उखाणा होऊ द्या!" सगळ्या बाया हसत एकच ओरडायला लागल्या, नाव घ्या, नाव घ्या.

मी म्हणणार होतो, ऱ्हाऊ द्या, तिला सवय न्हाई. दूध उतू जायलाही तिथं चूल नव्हती. ही माइक धरून उभी. खाली बघितलं, मग वर बघितलं. म्हणाली,

"मोळीला दिला पीळ, गाठ बसली घट्ट..."

आणि थांबली.

तिची बोटं हवेत उचलली गेली. माझ्या जिभेवर माझंच नाव आलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत होती. मी दात दातावर दाबले. फडात, घरात, शाळेच्या बाकड्यावर, सगळीकडं मी तिच्या मागचं भरत आलो होतो. इथं भरलं असतं तर मला आयुष्यभर कळलं नसतं. मी खांब धरून उभा राहिलो. ती बोटं फिरवत राहिली. एका बाईच्या कडेवरचं लेकरू रडायला लागलं, तिनं त्याला थोपटून गप्प केलं.

मग हिची बोटं थांबली. तिनं सरळ माझ्याकडं बघितलं, आणि माझं नाव घेतलं. पुरं. बापाच्या नावासकट, पुढं राव लावून.

"...चं नाव घेते, पुरा झाला डागदरीणबाईचा हट्ट."

मंडपात काय गोंधळ झाला ते मला सांगता येणार नाही. मला दिसत नव्हतं नीट. मुकादम माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "माज्या बायकोला बी शुगर हाय बे. तारीख कुटं घ्यायची?" घरी जाताना मी तिला म्हटलं, "लई येळ लावलास."

"नाव लांब हाय तुमचं," ती म्हणाली. "आन् बापाचं बी घ्यायचं व्हतं."

त्यानंतर तिनं ते परत घेतलं नाही. मीही मागितलं नाही. एकदा बस झालं.

ती ह्या हिवाळ्यात गेली. डोक्यानं नाही, काळजानं. दुपारी खाटेवर होती, मी शेजारी. म्हणाली, "अवो, शेळी बांधली का?" मी सवयीनं थांबलो. तिनं बोटं फिरवली आणि म्हणाली, "बांधली. मीच बांधली." थोड्या वेळानं बघतो तर गेलेली. मी बाहेर जाऊन बघितलं. शेळी खुंट्याला बांधलेली होती, तिच्या गाठीनं. ती गाठ मी अजून सोडलेली नाही. शेळीला दुसरं दावं केलं.

नवी जोडवी पायात तशीच राहू दिली, अहेव गेली ती. कापलेली जुनी माझ्याजवळ आहेत. सकाळी उठलं की मी अजून तिच्या खाटेकडं बघून इंजेक्शनचा डबा शोधतो. लोक म्हणतात, बाबा आता अर्धा कोयता झाला. झालो. त्यात लपवायचं काय.

आणि आता मलाही शुगर निघाली. आशाताई आली, म्हणाली, बाबा, तुमची पण तपासणी. मी म्हटलं, तारीख घे. तिनं समजूत घालायची तयारी करून आणली होती, ती तिच्याजवळच राहिली.

बीडला तीच खोली, तीच डॉक्टरीणबाई. मला तिनं आजीबद्दल काही विचारलं नाही आधी, नुसता हातावर हात ठेवला. मग प्रश्न सुरू केले. गाव, तालुका, तीन शब्द. मला दोन आले, तिसरा शोधायला वेळ लागला. बाजूला कुणी नव्हतं जीभ टाळ्याला लावायला. सापडला शेवटी.

मग ती म्हणाली, "बाबा, आजींचं नाव काय होतं?"

मी जन्मात ते तोंडातून काढलं नव्हतं. मी ताठ बसलो आणि घेतलं. तिचं, तिच्या बापाचं, आणि मग माझं लावून, पुरं. दार लोटलेलं होतं, पण बाहेर बाकड्यावर बसलेल्या लोकांनी माना वळवून दाराकडं बघितलं, एवढं मोठ्यानं.

डॉक्टरीणबाई लिहून घ्यायला लागली.

"बाई," मी म्हटलं, "थांबा. परत एकदा घेतो."